मामा गोष्ट वाचून निघाले

आमच्या मामांनी आयुष्यात एकही गोष्ट नुसती वाचलेली नाही. तुम्ही-आम्ही गोष्ट वाचतो, आवडली तर 'छान' म्हणतो, नाही आवडली तरी 'छान'च म्हणतो आणि भाजी फोडणीला टाकायला उठतो. मामा गोष्ट वाचतात, डोळे पुसतात, दुकानाचं शटर ओढतात आणि टेम्पो काढून गोष्टीतल्या माणसाला भेटायला निघतात. हे मी अलंकारिक अर्थानं सांगत नाही. आमच्या समूहातल्या बहुतेकांच्या दारात मामा कुठल्या ना कुठल्या कथेपायी येऊन उभे राहिलेले आहेत, आणि दार उघडल्यावर ज्याला घाम फुटला नाही असा लेखक मला तरी माहीत नाही.

मामा म्हणजे माझ्या आईचे भाऊ नव्हेत. ते कुणाचेच मामा नव्हेत, म्हणून सगळ्यांचे आहेत. इंदापुरात त्यांचं गाद्यांचं दुकान आहे. जुनी गादी उसवायची, कापूस मशीनवर पिंजायचा, नव्या खोळीत भरून, टाके घालून घरपोच करायची, हा त्यांच्या घरात आजोबा-पणजोबांपासून चालत आलेला धंदा. नमाजाला आणि गाद्या पोचवायला, एवढ्याचसाठी ते दुकानातून उठायचे, असं त्यांच्या शेजारचे लोक सांगतात. मग त्यांना आमचा समूह सापडला आणि उठण्याचं तिसरं कारण मिळालं.

आमच्या समूहाचं नाव 'बारा गावची लेखणी'. तो मोबाईलवर आहे. सुप्याच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी तो काढला. त्यांना आम्ही सर म्हणतो. सर चारोळ्या लिहितात आणि त्यांतल्या बहुतेक हरणांवर असतात, कारण त्यांच्या गावाजवळच्या माळावर हरणं आहेत आणि माणसांवर लिहिलं तर गावात भांडणं होतात. काटेवाडीचा एक डेअरीवाला भूतकथा लिहितो. निरवांगीची सुवर्णा नावाची एक सून 'शेवंती' या टोपणनावानं लिहायची, कारण आपण लिहितो हे तिच्या घरी कुणाला ठाऊक नव्हतं. मी बारामतीला शाळेत विज्ञान शिकवते आणि कौटुंबिक कथा लिहिते. असे अजून बरेच. आम्ही एकमेकांना कधी पाहिलेलं नव्हतं, पण एकमेकांवाचून आमचं चालतही नव्हतं. आम्हीच लेखक आणि आम्हीच वाचक, कारण तिसरं कुणी आम्हाला वाचत नव्हतं. घरच्यांनी तर मुळीच नाही. कुणाची कथा दिवाळी अंकाकडून परत आली की समूहावर दुखवटा पाळला जायचा, आणि कुणाची छापून आली की पेढ्यांची चित्रं पडायची. माझ्या नवऱ्यानं माझी एकही कथा पूर्ण वाचलेली नाही, पण काटेवाडीच्या त्या पोराला माझ्या सगळ्या नायिकांच्या सासरची नावं पाठ आहेत.

मामा समूहात आले ते सरांची गादी पोचवायला गेले तेव्हा. सर कॉटवर बसून मोबाईलवर चारोळी टंकत होते. मामांनी विचारलं, सरांनी अभिमानानं सांगितलं, आणि मामा म्हणाले, "मला लिवता येत न्हाय, पण वाचायला लई आवडतं. मला बी घ्या." लेखकांच्या समूहात नुसता वाचक म्हणजे सगळे आचारीच असलेल्या पंगतीत एक जेवणारा. सरांना भरून आलं. त्यांनी मामांना तिथल्या तिथे घेतलं आणि आम्हा सगळ्यांच्या पत्त्यांची यादीही दिली. पुढे काय वाढून ठेवलंय याची त्यांना कल्पना नव्हती.

त्याचा पहिला धक्का मला बसला. माझ्या एका कथेत नायिकेचा हात चकलीच्या उकळत्या तेलानं भाजतो आणि ती सासरी कुणाला सांगत नाही, पदराखाली लपवते. शनिवारी ती कथा टाकली. समूहावर नेहमीप्रमाणे 'अप्रतिम', 'डोळे पाणावले', 'वास्तवदर्शी' वगैरे झालं. रविवारी सकाळी बेल वाजली. दारात एक उंच, किडकिडीत गृहस्थ. डोक्यावर जाळीची टोपी, भुवयांत कापसाचे तंतू, आणि हातात कोरफडीची कुंडी.

"हात दावा बाई," ते म्हणाले.

मी गार झाले. अनोळखी माणूस भल्या सकाळी दारात येऊन हात दाखवा म्हणतो म्हणजे काय? तेवढ्यात मागून नवरा आला आणि त्यानं आधी माझ्या हाताकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्या हाताकडे त्यानं इतकं निरखून कधी पाहिलं नव्हतं. मी दोन्ही हात पुढे केले. मामांनी ते उलटेपालटे करून बघितले आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान आणि संशय असं दोन्ही एकदम आलं.

"अहो मामा, ती गोष्ट आहे," मी म्हटलं; भुवयांतल्या कापसावरून समूहातले गादीवाले मामा हेच, हे एव्हाना माझ्या ध्यानात आलं होतं.

"गोष्टच हाय. मी कुठं न्हाय म्हणतो? पण तुमचा हात न्हाय तर मग कुणाचा? कुणाचा तरी हात डोळ्याम्होरं असल्याबिगर असं लिवता येत न्हाय."

हात माझ्या थोरल्या बहिणीचा होता. ती फलटणला असते. कित्येक वर्षांपूर्वी तो भाजला होता आणि तिनं आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. मलाच तेवढं दिसलं होतं. हे मी कधी कुणाला बोलले नव्हते आणि त्या दिवशी दारात उभ्या असलेल्या एका गादीवाल्याला सांगून मोकळी झाले. मामांनी कुंडी माझ्या हातात ठेवली. "मग ही फलटणला धाडा. जुनं भाजलेलं बी असतं की," म्हणाले, चहा घेतला आणि गेले. नवरा बराच वेळ दाराकडे बघत उभा होता.

तेव्हा मला वाटलं, एखादा अपवाद असेल. छे. सरांनी तहानलेल्या पाडसावर चारोळी केली तर मामा प्लास्टिकचा मोठा टब घेऊन सुप्याला हजर. तो त्यांनी सरांच्या कुंपणाबाहेर ठेवला आणि रोज भरायची जबाबदारी सरांवर टाकली. हरणं काही तिकडे फिरकली नाहीत. गावातली सगळी कुत्री मात्र सरांची कायमची मित्र झाली. डेअरीवाल्यानं गोठ्यातल्या भुताची कथा लिहिली तर मामा दर्ग्यातला ताईत घेऊन काटेवाडीला गेले आणि अख्खी दुपार त्याच्या गोठ्यात बाज टाकून बसले. भूत आलं नाही. पण हा म्हातारा कशासाठी बसलाय हे डेअरीवाल्याच्या आईला कळलं, आणि तिनं त्या दिवसापासून एकटीनं धारा काढायचं बंद केलं. तेव्हापासून पहाटेच्या धारा लेखकमहाशयांकडे आल्या. भूतकथा लिहिण्याचं त्याचं प्रमाण पुष्कळ कमी झालं.

त्यानंतर आमच्या साखळीकथेचं प्रकरण झालं. साखळीकथा म्हणजे एकानं एक भाग लिहायचा, पुढचा दुसऱ्यानं. तिच्यात बापू नावाचे एक मिस्कील आजोबा होते. त्यांच्यावर मामांचा फार जीव. डेअरीवाल्याचा नंबर आला तेव्हा त्याला कथेला कलाटणी द्यायची हुक्की आली आणि त्यानं बापूंना हृदयविकारानं मारलं. दुसऱ्या दिवशी मामांनी दुकान बंद ठेवलं. ज्या घरात माणूस गेलं त्या घरात चूल पेटत नाही, आप्तेष्टांनी पिठलं-भाकरी न्यायची असते, हा आपल्याकडचा रिवाज. मामांनी विचार केला, बापू गेले कुणाच्या हातून? डेअरीवाल्याच्या. म्हणजे घर त्याचं. ते पिठलं-भाकरीचं फडकं घेऊन काटेवाडीला पोचले. ओसरीवर डेअरीवाल्याचे वडील पेपर वाचत बसले होते.

"कोण गेलं?" वडिलांनी फडक्याकडे बघत घाबरून विचारलं.

"बापू गेलं," मामा म्हणाले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "लई चांगला माणूस. आसं व्हायला नगं व्हतं."

आता त्या वडिलांना अख्खी काटेवाडी बापू म्हणते. ते हातातला पेपर तसाच धरून स्वतःचीच छाती चाचपू लागले. पुढचं मी डेअरीवाल्याच्या तोंडून ऐकलं आहे. ते सांगताना त्याला अजून कापरं भरतं. त्याच संध्याकाळी सरांनी तातडीनं पुढचा भाग लिहिला, त्यात डॉक्टरांनी पुन्हा एकदा नाडी पाहिली आणि बापू उठून बसले. तेव्हापासून आमच्या समूहात कुणी मरत नाही. नायिका आजारी पडतात, त्याही बेतानं.

हे सगळं हसण्यावारी गेलं. निरवांगीचं गेलं नाही.

सुवर्णानं, म्हणजे आमच्या 'शेवंती'नं, एक कथा लिहिली. बाळंतपणानंतर पाठ धरलेली एक सून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात गोणपाटावर झोपते आणि सासू पलंगावरून तिला पाणी मागते. आम्ही सगळे हळहळलो. मी स्वतः 'काळजाला हात घातलास' असं लिहिलं आणि पेपर तपासायला बसले. मामा मात्र नवी, मऊ, चांगल्या कापसाची गादी टेम्पोत टाकून भर दुपारी निरवांगीला गेले. अंगणात सासूबाई तूर निवडत होत्या. मामांनी गादी उतरवली आणि सरळ सांगितलं, "ही तुमच्या सुनंसाठी. तिला भुईवर झोपावं लागतं, असं तिनं लिवलंय."

सासूबाईंना सून लिहिते हे त्या क्षणी कळलं, आणि काय लिहिते हेही त्याच क्षणी कळलं.

आम्हाला कळलं ते सुवर्णाच्या दोन ओळींवरून. "मामा घरी आले होते. सगळं संपलं." आणि खाली बारीक अक्षरात, ती समूहातून बाहेर पडल्याची नोंद. इतके दिवस मामांच्या येण्याचे किस्से आम्ही एकमेकांना रंगवून सांगत होतो. त्यांच्या येण्यानं एखादीचं घर मोडू शकतं हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. तिचा फोन लागेना. तिच्या घरी जावं तर जाऊन सांगायचं काय?

सरांनी मला फोन केला. ते वर्गावर रागवायचे तेव्हा कसे दिसत असतील ते त्यांच्या आवाजावरून कळत होतं. "मामांना गोष्ट म्हणजे काय हेच समजत नाही," ते म्हणाले. "उद्या आणखी कुणाच्या संसारात शिरतील. दिवाळीपर्यंत त्यांनी स्वतः एक गोष्ट लिहावी. काल्पनिक. घडलेली नव्हे. जो स्वतः खोटं रचतो त्यालाच दुसऱ्याचं रचलेलं ओळखू येतं. नाही लिहिली, तर त्यांनी समूह सोडावा." हे त्यांनी समूहावरही लिहिलं. कुणी विरोध केला नाही.

आठवड्याभरात सुवर्णा परत आली. तिनं सांगितलं ते ऐकून आम्ही पुन्हा अवाक झालो. सासूबाई तुरीचं सूप बाजूला सारून म्हणाल्या, "काय लिवलंय? वाचा बघू." आणि मामांनी गादीवर बैठक मारून ती कथा अंगणात पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचली. "मी आशी हाय व्हय?" सासूबाईंनी विचारलं. मामा म्हणाले, "मला काय ठावं? मी आत्ताच आलोय. चा दिला तर चांगली म्हणीन." चहा मिळाला. गादी मात्र आधी सासूबाईंनीच ठेवून घेतली, कशी आहे ते बघायला म्हणून. आणि दोन-तीन दिवसांनी काही न बोलता सुनेच्या खोलीत नेऊन टाकली. आता त्या रोज विचारतात, आज माझ्यावर काय लिवलं? "सतरंजी होती, तिचं मी गोणपाट केलं," सुवर्णानं लिहिलं, "आणि मामांनी त्याची गादी केली."

पण सर बधले नाहीत. एकदा निभावलं, दर वेळी निभावेल असं नाही, हे त्यांचं म्हणणं मलाही पटत होतं. दिवाळीची मुदत कायम राहिली.

मग मामांचा मला फोन आला. मागे पिंजायच्या मशीनची घरघर. "बाई, मला खोटं लिवता येत न्हाय. मला घालवू नका," ते म्हणाले. "दिसभर हे मशीन कानात आसतं. सांजच्याला घरी गेलो की तुमची गोष्ट मी हिला वाचून दावतो. हिचं गुडघं गेल्यात, ही उंबऱ्याभाईर पडत न्हाय. तुमीच हिचा गाव हाय आता. तुमी मला काढलं तर हिला काय वाचून दावू?" मागून एक ठणठणीत बायकी आवाज आला, "आन् त्या नर्स पोरीचं लगीन जमलं का, ते इचारा बाईंस्नी." त्या मामी. नर्स पोरगी म्हणजे माझ्या चालू कथेतली नायिका. माझ्या नायिकेच्या लग्नाची इंदापुरात कुणी वाट पाहत असेल हे मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मी म्हटलं, मामा, मी शिकवते तुम्हाला.

शिकवणीच्या धंद्यात मी बरीच वर्षं आहे. असा विद्यार्थी मला मिळालेला नाही. पहिली कथा आली ती अशी: "एक राजा होता. त्याचं बरं चाललं होतं. संपलं."

मी फोन केला. "मामा, काहीतरी घडायला हवं. राजावर संकट यायला हवं."

"कशाला? बरं चाललंय तर चालू द्या की."

दुसऱ्या कथेत माझ्या आग्रहाखातर त्यांनी एका माणसाचा विहिरीच्या काठावरून पाय घसरवला. अर्ध्या तासात फोन. "बाई, त्याला काढू का भाईर?" मी म्हटलं, लगेच नका काढू, थोडा वेळ राहू द्या, वाचकाची उत्कंठा वाढते. मग अगदी हळू आवाजात, "आवो, त्याला पवता येत न्हाय." त्यांनी त्याला काढला. वर कोरडे कपडे दिले आणि जेवू घातला. तिसऱ्या कथेत एक चोर होता, तो दुसऱ्याच वाक्यात पस्तावला.

"मामा, पात्राला संकटात टाकायचं असतं आणि मग ते काय करतं ते बघायचं असतं."

"नुसतं बघत बसायचं?"

"हो."

"तुमी लोक लई कठोर हाय," मामा म्हणाले.

दसऱ्याच्या सुमारास मामा काही दिवस गप्प होते. दिवाळीआधी सगळ्यांनाच गाद्या पिंजून हव्या असतात, तेव्हा कामात असतील असं आम्ही धरून चाललो. त्यानंतरही त्यांचा फोन आला नाही. सर समूहावर मुदतीची आठवण देत होते, आणि मी मनाची तयारी करत होते की आता मामा जाणार. आणि एक दिवस शाळेच्या मधल्या सुट्टीत फोन वाजला. समूहावर मामांची गोष्ट आली होती. ती मी इथे जशीच्या तशी देते.

"एका गावात एक गादीवाला होता. त्यानं गावाच्या गाद्या भरल्या. त्याच्या घरात दोन गाद्या हायत. एक त्याची, एक तिची. तिची आता त्यानं गुंडाळून भितीला लावली हाय. सकाळी उठून तो दोन कप चा करतो. एक पितो. मग दुसरा बी पितो, कारण टाकवत न्हाय. जुना कापूस पिंजला की नवा व्हतो. माणसाचं तसं न्हाय. संपलं."

त्या दिवशी समूहावर कुणीही 'अप्रतिम' लिहिलं नाही. कुणी काहीच लिहिलं नाही. मामी गेल्या? कधी? आणि आम्ही या माणसाला गोष्ट लिही, गोष्ट लिही म्हणून पिडत होतो? मी मामांना फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. मुख्याध्यापकांना डोकं दुखतंय म्हणून सांगितलं, घरी गेले, पिठलं टाकलं, भाकऱ्या थापल्या, फडक्यात बांधल्या आणि इंदापूरची एसटी पकडली. ऊस भरलेल्या ट्रॉल्यांच्या मागून गाडी रखडत होती आणि मी मांडीवर ते फडकं धरून मामींचा तो ठणठणीत आवाज आठवत होते. नर्स पोरीचं लग्न मी अजून लावलं नव्हतं.

विचारत विचारत दुकानाच्या गल्लीत शिरले. दुकान बंद, मागे घर. घरापुढे कडुलिंबाखाली पांढरा सदरा घातलेले एक वयस्क गृहस्थ उभे होते. त्यांच्या हातात डबा. त्यांनी माझ्या फडक्याकडे पाहिलं, मी त्यांच्या डब्याकडे.

"बाई का?" त्यांनी विचारलं. आवाजावरून ओळखलं. ते सर होते, थेट सुप्याहून. आम्ही कुणी कुणाला कळवलं नव्हतं. इतक्यात मोटारसायकलवरून एक दांडगा तरुण उतरला, दुधाची किटली आणि फडकं सावरत, तो काटेवाडीचा. आणि सीटा भरून धावणाऱ्या वडापच्या जीपमधून एक बारीकशी मुलगी उतरली, तिच्या मागून डोक्यावरचा पदर आवळत एक भारदस्त बाई. सुवर्णा आणि तिच्या सासूबाई. सासूबाईंच्या हातात सगळ्यांत मोठं गाठोडं. आमच्या समूहाचं पहिलं संमेलन हे असं भरलं. कुणाला ओळख करून द्यावी लागली नाही. सुवर्णा माझ्या गळ्यात पडून रडली, मीही रडले, आणि सर चष्मा काढून लांबवर कडुलिंबाकडे बघत राहिले.

दार उघडलं. मामा बाहेर आले. भुवयांत कापूस, हातात गादी शिवायचा लांब दाभण. आमच्याकडे बघितलं, आमच्या फडक्यांकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

सरांनी पुढे होऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "मामा, धीर धरा. मामी..."

"हिला काय झालं?" मामा दचकून मागे वळले.

"कोण आलंय ओ?" आतून तोच ठणठणीत आवाज. पाठोपाठ वॉकरची टकटक आणि उंबऱ्याच्या आत एक गोलमटोल, गोरी, संतापलेली मूर्ती.

मी ओरडले असेन बहुधा. डेअरीवाल्याच्या हातून किटली निसटली. भुतांवर इतकं लिहिलेला माणूस, पण तो सरळ सुवर्णाच्या सासूबाईंच्या मागे गेला. सर जवळच्या कापसाच्या गठ्ठ्यावर बसले, ते बराच वेळ उठले नाहीत.

"आवो, ती गोष्ट हाय," मामा आमच्या तोंडांकडे बघत म्हणाले. "तुमीच म्हणला न्हाई का, खोटं लिवा? लिवलं. तुमाला खरी वाटली?"

आम्हा लेखकांपैकी एकालाही तोंड वर करून बघता येईना. आपलंच वाक्य असं दारात उभं राहील असं वाटलं नव्हतं. मामींना मात्र कशाचाच पत्ता नव्हता; ही एकच गोष्ट मामांनी त्यांना वाचून दाखवली नव्हती. सुवर्णानं घाबरत घाबरत ती वाचली. मामी ऐकत गेल्या तसा त्यांच्या चेहऱ्याचा रंग बदलत गेला.

"मला मारलं? दिवाळीच्या तोंडावर?" त्यांनी वॉकर आपटला. "आन् दोन कप चा म्हणं. ह्यांनी जल्मात कधी एक कप केला न्हाय."

मग त्यांनी आम्हा सगळ्यांना आत घेतलं, चटया अंथरायला लावल्या आणि आमची फडकी सोडली. इतकं पिठलं मी एका जागी कधी पाहिलेलं नाही. स्वतःच्या दुखवट्याचं पिठलं ताटात घेऊन, मिटक्या मारत, कुणाचं जास्त चांगलं झालंय याचा निवाडा करणारी बाईही मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिली. पहिला नंबर निरवांगीच्या सासूबाईंना मिळाला. माझ्या पिठल्याला त्यांनी 'बरं हाय, पण मीठ भ्यालंय' असं म्हटलं.

जेवणं चालू असताना मामा उठून बाहेर ओट्यावर गेले. मी पाणी प्यायच्या निमित्तानं मागोमाग गेले. मला राहवलं नाही. "मामा," मी म्हटलं, "कुणाची तरी गुंडाळलेली गादी डोळ्यांसमोर असल्याशिवाय असं लिहिता येत नाही."

मामा दाभण सदऱ्याला पुसत राहिले. मग म्हणाले, "दसऱ्याला हिला दवाखान्यात ठिवली व्हती. छातीत दुखाय लागलं. डाक्टर म्हणलं, आता जपायचं, आमी काय सांगू शकत न्हाय. मी कापडं न्यायला घरी आलो. झाडून घ्यावं म्हणून हिची गादी गुंडाळली. आन् मग तिच्याम्होरंच बसून राह्यलो. उठवंना."

आतून मामींचं हसणं ऐकू येत होतं.

"आम्हाला का नाही कळवलं मामा?"

"काय कळवायचं? लिवून टाकलं की." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बाई, तुमी सगळी शिकलेली माणसं. तुमीच सांगत आलाय की गोष्टीत लिवल्यालं खरं नसतं. म्हणून मी ते गोष्टीत लिवलं. म्हणलं, तितं गेलं म्हंजी हितं व्हायचं न्हाय."

मी त्यांचा हात धरला. सर केव्हा दारात येऊन उभे राहिले होते कुणास ठाऊक. त्यांनी घसा खाकरला. "मामा, गोष्ट उत्तम आहे," ते मुख्याध्यापकी आवाजात म्हणाले. "फक्त शेवट बदला." मामांनी चार्जिंगला लावलेला बंद फोन आणून, तिथंच बसून, एका बोटानं टंकून, समूहावर शेवट टाकला: "तवर तिनं आतनं हाक मारली, चा गार झाला म्हणून." समूहात राहायचं की जायचं हा विषय नंतर कुणी काढला नाही.

आता मामा फारसे कुठे जात नाहीत. गाद्या पोचवायला पुतण्या जातो. मामींना एकटं ठेवायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय, आणि त्यांनी न सांगताही मामा हलले नसते. इंदापूरवरून जाणारा आमच्यातला प्रत्येक जण तिथे थांबतो, चहा घेतो. तो मामी करतात. नर्स पोरीचं लग्न मी लावून दिलं. तिला आहेरात काय द्यायचं, ते मामींनी फोनवरून मला विचारलं.

गेल्या आठवड्यात मी एका कथेत नायिकेला ताप आणला. फार नाही, कथेपुरता. रविवारी सकाळी मी उगाचच दाराकडे कान देऊन बसले. बेल वाजली नाही. वाजणार नव्हतीच, हे मला ठाऊक होतं, तरी नवऱ्यानं दोनदा विचारलं, कुणी येणार आहे का? दुपारी मामांचा फोन आला. आवाज थोडा थकलेला. "बाई, ताप उतरला का? यायला जमत न्हाय, हिला सोडून. पर हिनं सकाळधरनं इचारलंय."

"उतरला मामा," मी म्हटलं. "मामींना सांगा, सकाळीच उतरला."

आणि फोन ठेवून मी आधी कथा उघडली आणि तिचा ताप उतरवला.